पास केलेली खोली

१

गुरुवारी नऊला नळाला पाणी येतं. ते भरून झालं की मी टेबल पुसते आणि कागद पसरते. चाकणच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळं आमचा रविवार तोच. बाकीच्या बायका त्या दिवशी दळण काढतात, गोधड्या धुतात. मी कागद कापते. माझ्या घरमालकीण अंबुबाई जिन्यातनं डोकावून म्हणतात, "एवढी घोडी झालीस, आन् अजून भातुकलीची घरं करत बसतीस व्हय?" मी म्हणते, "मावशी, तुमच्या घरापेक्षा माझ्या घरांच्या भिंती सरळ आहेत." की दोन दिवस त्यांचं तोंड फुगलेलं.

कंपनीत मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. गाडीच्या ब्रेकला लागणारे लोखंडी ब्रॅकेट माझ्या टेबलावरून जातात. माप घ्यायचं, कड बघायची. बरोबर असेल तर पिवळ्या मार्करचा एक ठिपका. नसेल तर लाल टॅग, त्यावर कारण आणि सही. ठिपक्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. महिनाअखेरीला आमचे सुपरवायझर निरंजन सर माझ्यापुढं येऊन हात जोडतात, "स्वरूपा मॅडम, जाऊ द्या ना राव, केसाएवढा फरक आहे." मी म्हणते, "सर, तुमच्या पोराच्या गाडीला लावता का हा?" मग गुमान जातात. अकरा वर्षांत माझा टॅग कुणी काढलेला नाही.

त्या ब्रॅकेटला गंज चढू नये म्हणून मधाच्या रंगाचा, जरा तेलकट कागद गुंडाळतात. त्याचे फाटके तुकडे, खोक्यातले पुठ्ठ्याचे कप्पे, बांधायच्या पट्ट्यांचे निळे काप, हे सगळं मी रीतसर गेटपास करून घरी आणते. त्यातनं पाकिटं बनवते, कडेला निळी वेलबुट्टी, मागं दोरा. आत एक घडीचं कार्ड. उघडलं की एक खोली टुणकन उभी राहते, खाट, खिडकी, मांडणीवरचे डबे, सगळं जागच्या जागी. तपासून झालं की कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात माझा पिवळा ठिपका. सवयच पडलीय.

ही पाकिटं जातात इफ्फतला, देहूरोडला. आठ वर्षं आम्ही एका टेबलावर काम केलं आणि याच खोलीत राहिलो. मला टायफॉइड झाला तेव्हा उदगीरहून माझं माणूस यायला चार दिवस लागले. ते चार दिवस हिनं मला लेकरासारखं भरवलं. मग तिचं सोहेलशी लग्न झालं, त्याचं तिकडं गॅरेज आहे. दोनदा दिवस गेले आणि दोनदा राहिलं नाही. आता तिसऱ्यांदा सहावा लागला होता आणि डॉक्टरनं खाटेवरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. पडून पडून जीव विटला होता तिचा. म्हणून मी आठवड्याला एक खोली धाडायची. कधी आमचं कॅन्टीन, कधी कंपनीची बस. तीही औषधाच्या चंदेरी पाकिटांची फुलं करून परत पाठवायची. "तुझं कार्ड आलं की वाटतं, चला, हा आठवडा पण टिकला," असं ती म्हणाली होती. ते ऐकल्यापासून मी एकही गुरुवार चुकवला नाही.

२

पहिली खोड अंबुबाईंनीच काढली. एका बुधवारी कंपनीतनं आले तर जिन्यात उभ्या. "का गं, तुज्या खोलीत आनि कोण ऱ्हातं?"

"कोण राहणार? मी एकटी."

"मंग दुपारच्याला कागूद कोण कापतं? कराकरा, कराकरा. आमी खाली लवंडलो की सुरू हुतंय."

मी म्हटलं उंदीर असेल. खोलीत येऊन खाटेखाली, कपाटामागं पाहिलं. उंदराची लेंडीसुद्धा नव्हती. कागद होते तसे होते. फक्त कटर मी डब्यात ठेवते तो टेबलावर होता. सकाळच्या गडबडीत राहिला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी इफ्फतच्या आत्ताच्या खोलीचं कार्ड करायला घेतलं. तिनं फोटो पाठवले होते. खाट, उशाशी कोरी भिंत, डाव्या हाताला खिडकी, खुंटीला सोहेलची टोपी. भिंती कापून ठेवल्या आणि पाण्याची बादली आणायला खाली गेले. अंबुबाईंनी चहाला बसवलं. अर्धा तास गेला असेल.

परत आले तर उशाच्या भिंतीला दार होतं.

बोटभर दार, मिटलेलं, कागदाच्याच बिजागरीवर. नखानं ढकललं तर अलगद उघडलं. मी खुळ्यासारखी बघत राहिले. मीच कापलं असणार, दुसरं कोण? आठवडाभर ओव्हरटाइम, डोकं बधिर झालेलं. हात आपोआप चालतात कधीकधी. पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. मी कितीही जपून कापलं तरी कडेला जरा लव राहते, कंपनीत तिला बर म्हणतात. या दाराला बर नव्हती. अकरा वर्षांत मी एवढी स्वच्छ कड पाहिलेली नाही.

आणि तिथंच मी माती खाल्ली. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, सुबक दिसलं की आधी संशय घ्यायचा आणि मग माप. इथं मी फोटोशी ताडूनही पाहिलं नाही. किती छान झालंय म्हणून हरखले, खोली उभी केली, मागं ठिपका दिला आणि संध्याकाळच्या आत टपालपेटीत टाकली.

३

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत इफ्फतचा फोन आला. "अगं कमाल केलीस! दार उघडतंय, मिटतंय. पण आमच्या भिंतीला दार कुठं आहे? तिकडं तर नुसतं रान आहे."

"असू दे. कंटाळलीस की बाहेर जाता येईल," मी म्हटलं. दोघी हसलो. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मंगळवारी म्हणाली, "दार आपोआप उघडतं गं. मी झोपताना मिटते, उठले की उघडं."

"कागद आहे बाई. हवेनं फुगतो."

बुधवारी तिचा आवाजच वेगळा लागला. हळू बोलत होती, कुणी ऐकू नये तसं. "स्वरूपा, हसू नको. दार उघडं असलं की बाळ हलत नाही. मिटलं की लाथ मारतं. चार वेळा करून पाहिलं."

मी तिला झापलं. पडून राहून डोक्यात काहीही येतं, दवाखान्यात जा, असं बरंच बोलले. सोहेल घेऊन गेला तिला. तिथं ठोके नीट होते, बाळ मजेत हलत होतं. घरी आली, खाटेवर पडली आणि पुन्हा सगळं गप्प. फळीवरच्या कार्डात दार उघडं होतं.

"सोहेलनं गम लावून चिकटवलं, तरी उघडलं," ती रात्री फोनवर म्हणाली. "मग मी म्हटलं फाडूनच टाकू. कोपरा जरासा फाडला तर पोटात अशी कळ आली की मी किंचाळले. आता हात लावायची हिंमत नाही."

"टाक बाहेर फेकून!"

"कसं फेकू? त्यातल्या खाटेवर मी आहे."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी खाट केली होती. खाटेवर माणूस केलं नव्हतं.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून राग आला. माझा ठिपका असलेला माल माझ्या मैत्रिणीच्या उशाशी जाऊन असले धंदे करतो म्हणजे काय! कंपनीत वाईट लॉट बाहेर गेला की एकच करतात, परत मागवतात. आणि ज्यानं पास केला त्यानंच तो तपासायचा असतो.

"सोहेलला उद्या सकाळी पाठव," मी म्हटलं. "कार्ड डब्यात घालून आण म्हणावं. सपाट ठेवायचं, वाकवायचं नाही."

४

गुरुवारी अकराला सोहेल आला. बिचाऱ्याचे डोळे रडून सुजलेले. स्टीलच्या डब्यात रुमाल, रुमालात कार्ड. "स्वरूपाताई, पहाटेपासून बाळ हललेलं नाही. काहीतरी करा. तिला घेऊन मी दवाखान्यातच बसतो." मी त्याला लगेच परत पिटाळलं. खोलीचं दार लावलं, खिडकी सताड उघडली. बाहेर रणरणतं ऊन, समोरच्या मैदानात ट्रेलर उभे, कुणाच्या तरी मोबाइलवर क्रिकेट. असल्या भर दुपारी कसलं भूत नि कसलं काय, असं मोठ्यानं म्हटलं आणि कार्ड उघडलं.

खोली उभी राहिली. खाटेवर ती होती, गव्हाच्या दाण्याएवढी, कुशीवर वळलेली. पाठ दाराकडं.

मी व्हर्नियर काढला. हे माप घ्यायचं यंत्र माझं स्वतःचं आहे, कंपनीचं नाही. दार किती उघडंय ते मोजलं. चार पूर्णांक एक मिलिमीटर. वहीत लिहिलं. हात धुऊन आले, पुन्हा मोजलं. चार पूर्णांक सहा. मी कार्डाला श्वाससुद्धा लागू दिला नव्हता. वाटलं माझंच माप चुकतंय. म्हणून टेबलावर कोपर टेकून, श्वास धरून तिसऱ्यांदा मोजलं. पाच.

मग मी कडा तपासल्या. बाकीच्या तिन्ही भिंतींना माझी बर होती, वेडीवाकडी, माझ्या हाताची. उशाच्या भिंतीला कुठंच नव्हती. म्हणजे नुसतं दार नव्हे, ती अख्खी भिंतच माझी नव्हती.

एवढ्यात तास गेला होता, सोहेल घरी पोचला असणार म्हणून इफ्फतला फोन लावला. "कुठं पोचलात?"

"निघतोय. रिक्षा आली आहे."

"मग बस रिक्षात आणि फोन स्पीकरवर ठेव. मी ती भिंत काढून दुसरी लावणार आहे. जरा जरी दुखलं तरी बोलायचं. लाजायचं नाही."

"स्वरूपा, मला भीती वाटते गं."

"मला पण वाटते. कर सुरू?"

नवी भिंत मी आधीच कापली होती, कोरी, बिनदाराची. कटरला नवं पातं लावलं. जिथं भिंत जमिनीला चिकटली होती तिथं टोक टेकवलं.

"दुखतंय?"

"नाही."

एक सूत कापलं. "आता?"

"नाही. कर."

रिक्षाची घरघर, हॉर्न, सोहेलचं पुटपुटणं, सगळं ऐकू येत होतं. माझ्या घामाचा थेंब कार्डावर पडू नये म्हणून मी डोक्याला ओढणी आवळली होती. पावणेदोन इंचाची ती कड, पण अर्धा तास लागला. शेवटच्या टोकाला ती "अल्ला!" करून ओरडली आणि मी पातं जागच्या जागी थांबवलं. दाराच्या फटीतनं काहीतरी पात्याला लागत होतं. पलीकडनं कुणीतरी पातं हलकेच धरलं होतं, मापायला धरतात तसं.

"सोड," मी म्हटलं. फोनला नाही, दाराला. "हा पीस माझ्या टेबलावर आहे. सोड म्हणते ना!"

ते सुटलं. भिंत हातात आली. मी तिच्या जागी माझी भिंत बसवली, जराशी तिरकी लागली, लागू दे. दोन बोटांनी दाबून धरली.

फोनवर रिक्षाची घरघर चालू होती. मग इफ्फत हसली की रडली ते कळेना. "मारली! स्वरूपा, लाथ मारली! सोहेल, हात लाव इथं!"

मीही रडले. चांगली भोकाड पसरून रडले.

५

पण दार अजून माझ्याकडंच होतं. भिंतीचा सुटा तुकडा, बोटभर दार, टेबलावर.

त्याचा कोपरा फाडून पाहिला तर फोनवर इफ्फत कळवळली. जाळणं बाद. नुसतं ठेवणंही बाद. वाईट माल मोकळा ठेवला की कुणीतरी उचलून चांगल्यात टाकतंच. त्याला त्याची जागा द्यावी लागते, कुलपातली. मी विचार केला, याला खोली हवीच आहे ना? मग घे माझी. इफ्फत मऊ आहे, माझ्याशी गाठ आहे.

फोन बंद केला आणि माझी खोली कापायला घेतली. आयुष्यात एवढ्या भराभर कापलं नव्हतं. खाट, टेबल, खिडकी, लोखंडी कपाट. चौथी भिंत म्हणून ते दार लावलं, कपाटाच्या मागं येईल असं. कार्ड उभं केलं आणि हात झटकले.

कपाटामागं आवाज सुरू झाला. कराकरा, कराकरा. घाई नाही, दमणं नाही, हात बसलेला.

त्या भिंतीपलीकडं काही नाही. मी वरच्या मजल्यावर राहते. पलीकडं मोकळी हवा आणि खाली अंबुबाईंची म्हैस. एवढं मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी कपाट धरलं आणि ओढलं. सरकवू नये असंही वाटत होतं, पण काय येतंय ते न बघता खाली पळणाऱ्यातली मी नाही.

गिलाव्यावर रेघ होती. खालून वर, वरून आडवी, पुन्हा खाली. बर नसलेली. आणि ती एका अंगानं उघडी होती, हात जाईल एवढी.

आत ट्यूबलाइट लावल्यासारखा पांढरा उजेड. एक टेबल. टेबलावर मधाच्या रंगाच्या खोल्या, एकीला एक लागून, नजर पोचेल तिथवर. प्रत्येकीत खाट. काही खाटांवर दाणे होते, काही रिकाम्या. टेबलाशी कोण बसलंय ते दिसलं नाही. फक्त एक हात दिसला. बोटांवर सुरकुत्या नव्हत्या, घड्या होत्या, दुमडून दुमडून पडलेल्या. त्या बोटांत पिवळा मार्कर होता. हातानं एक खोली जवळ ओढली. त्यात लोखंडी कपाट बाजूला सरकवलेलं होतं आणि एक दाणा भिंतीशी उभा होता. हात थांबला. नीट तपासल्यासारखा थांबला. मग त्यानं मार्कर टेकवला.

माझ्या उजव्या कानामागं गार लागलं. बोट लावून पाहिलं तर बोट पिवळं.

मला पास केलं होतं.

काय चीड आली सांगू! मला? न विचारता? माप न घेता? मी टेबलाशी गेले, लाल मार्कर उचलला, आरशात मान वळवून कानामागं त्या ठिपक्यावर अशी फुली मारली की कातडी सोलली. मग कंपनीच्या पिशवीतनं एक लाल टॅग काढला. रोजच्या अक्षरात लिहिला. भाग, स्वरूपा. कारण, कड सरळ नाही, बर आहे, सांगितलेलं ऐकत नाही. निर्णय, पाठवायचा नाही. खाली सही, तारीख, वेळ. दोऱ्यानं मनगटाला बांधला आणि तो हात कोपरापर्यंत त्या फटीत घातला.

"वाच," मी म्हटलं.

घड्यांची बोटं माझ्या मनगटाला लागली. कोरडी होती. टॅग उलटा केला, सुलटा केला. ओढून पाहिला, पण दोरा मी गाठ मारून मारून बांधला होता. माझी सही असलेला टॅग कुणाला काढता येत नाही, तो ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतो. हे त्यालाही ठाऊक होतं असं दिसलं. पलीकडं एखादा मोठा कागद चुरगाळल्यासारखा आवाज झाला. बोटं सुटली. मी हात बाहेर काढला आणि खांद्यानं भिंत रेटली. उरली फक्त रेघ. कपाट जागेवर लावलं तेव्हा खालून अंबुबाई ओरडल्या, "काय पाडतीस का काय घर?"

६

मुलगी झाली. अडीच किलो, टकलावर मूठभर जावळ, आवाज असा की देहूरोडला रणगाडे असतात ते लाजतील. नाव गौहर ठेवलं. चार महिन्यांची झाली तेव्हा इफ्फत तिला घेऊन आली, गुरुवारीच. अंबुबाई वर आल्या, काजळाचं बोट लावलं, "दिसतीया ग्वाड" म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "शीक जरा."

मी पोरीला मांडीवर घेतलं. इफ्फत चहा टाकायला उठली तेवढ्यात पोरीचे दोन्ही कान उलटून बघितले. मान बघितली, काखा बघितल्या, तळपाय बघितले. कुठंही काही नव्हतं. नुसतं मऊ कातडं, पावडरचा वास.

"हे काय करतेस गं?" इफ्फतनं विचारलं.

"तपासते. माझी सवय माहीत नाही का तुला?"

"आणि तुझ्या कानामागं काय झालंय? सगळं लाल."

"पेंट लागतो कंपनीत."

 तिनं माझ्या मनगटावरचा टॅगही पाहिला, मळून काळपट झालेला, अक्षर अजून वाचता येणारं. तो वाचला की नाही ते मला कळलं नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझं डोकं तिनं खांद्यावर घेतलं, टायफॉइडच्या वेळी घ्यायची तसं. 

दर गुरुवारी उठते तेव्हा कानामागं ताजा पिवळा ठिपका असतो. दर गुरुवारी मी आरशासमोर उभी राहून त्यावर फुली मारते आणि मगच पाणी भरायला जाते. त्याला सुट्टी नसेल तर मलाही नाही. दोन लाल मार्कर संपले, तिसरा चालू आहे, डझनभर आणून ठेवलेत.

चहा उकळत होता तेव्हा कपाटामागं सुरू झालं. कराकरा. इफ्फतला ऐकू आलं नाही. पोरीला आलं. हातपाय मारायची थांबली आणि कपाटाकडं टक लावून बघायला लागली.

मी तिला छातीशी घट्ट धरलं, तिचं तोंड खिडकीकडं वळवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हिला अजून कुणी पास केलेलं नाही. आणि तपासणार मी."

आवाज थांबला. गौहरनं मला पोटात सणसणीत लाथ मारली.